लस घेतल्यावर सांधे उसळले होते, यंदा पुन्हा घ्यावी का?

*ताई, मला नऊ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उठते तो संधिवात, आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी आणि रोज स्टेरॉइडची कमी ताकदीची गोळी चालू आहे. गेल्या वर्षी फॅमिली डॉक्टरांच्या सांगण्यावरून फ्लूची लस घेतली. त्याच रात्री कणकण आली आणि तिसऱ्या दिवशी मनगटं आणि बोटं अशी आखडली की पाण्याचा पेला उचलवेना. चार-पाच दिवसांनी उतरलं. आता डॉक्टर पुन्हा म्हणतात, घ्या. नवरा म्हणतो, शांत झालेल्या आजाराला कशाला उठवतेस? जाऊबाई म्हणतात, मी आयुष्यात कधी घेतली नाही आणि मला कधी काही झालं नाही. संधिवाताच्या डॉक्टरांना विचारायचं राहूनच जातं, कारण तिथली दहा मिनिटं गुडघे आणि रिपोर्ट यांतच संपतात. माझी प्रतिकारशक्ती माझ्याच अंगावर उठली आहे, मग तिला आणखी डिवचायचं कशाला? आणि औषधांनी ती दाबून ठेवली असेल तर लसीचा उपयोग तरी काय होणार? घरात चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वास कोंडणारा फुफ्फुसांचा जुना आजार, आहे. घ्यावी की नको, सरळ सांगा.*

*एक वाचक*

तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून उत्तरही आधी सरळच देते. घ्या. सुईने दिली जाणारी, मृत विषाणूची लस घ्या. ती कोणत्या दिवशी घ्यायची आणि त्यानंतरचे दोन आठवडे मेथोट्रेक्सेटचं काय करायचं, एवढं मात्र संधिवाताच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मी तुम्हाला तपासलेलं नाही, तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा. पण तुमची भीती खरी आहे आणि 'काही होत नाही हो, घेऊन टाका' एवढ्याने ती जाणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी गेल्या वर्षीचं. ते मनाचे खेळ होते असं मी म्हणणार नाही. लसीनंतर एक-दोन दिवस दंड दुखणं, कणकण, अंग मोडून येणं हे नेहमीचं आहे आणि ज्याचे सांधे मुळातच हळवे आहेत त्याला ते जास्त जाणवतं. तिसऱ्या दिवशी बोटं आखडली ती लसीमुळे, की आजार तसाही उचल खाणारच होता, हे आज मागे वळून कुणालाच सांगता येणार नाही. संधिवात असाच आहे, कारण नसतानाही वर-खाली होतो. संधिवाताच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत फ्लूच्या लसीने आजार भडकण्याचं प्रमाण वाढलेलं एकंदरीने आढळलेलं नाही. पण 'एकंदरीने' या शब्दाचा तुमच्या मनगटांना काही उपयोग नाही, हे मलाही कळतं. म्हणून तुमच्या पत्रातलंच एक वाक्य तुमच्यासमोर ठेवते: चार-पाच दिवसांनी उतरलं. त्या दिवसांत स्टेरॉइड वाढवावं लागलं होतं का? नंतरच्या तपासणीत सूज मोजणारे रक्ताचे आकडे, म्हणजे ईएसआर आणि सीआरपी, वर गेले होते का? तसं काही झालं असतं तर तुम्ही नक्की लिहिलं असतं असं वाटतं. तरी जुनी फाईल काढून बघा. चार दिवसांचा त्रास आणि आजार खरोखर हाताबाहेर जाणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर त्या कागदांवर दिसेल.

आता 'डिवचण्या'बद्दल. फ्लूच्या इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणू नसतो. बहुतेक कंपन्या विषाणू अंड्यांमध्ये वाढवतात, रसायनाने मारतात, त्याचे तुकडे करतात आणि वरच्या कवचातली प्रथिनं वेगळी काढून लसीत घालतात. त्यातून फ्लू होऊच शकत नाही. रात्री येणारी कणकण म्हणजे शरीराने त्या प्रथिनांची दखल घेतल्याची खूण असते. ही दखल बऱ्यापैकी नेमकी असते. विषाणूच्या विशिष्ट प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायची, एवढंच काम शरीरापुढे असतं. तुमच्या सांध्यांच्या अस्तरावर चाललेला हल्ला वेगळ्या पेशींचा आणि वेगळ्या खुणांवरचा आहे. दोन-तीन दिवस अंगात सूज वाढवणारी रसायनं जास्त फिरतात, त्याने सांधे कुरकुरतात, आणि मग ते ओसरतं.

तुमची दुसरी शंका याच्या बरोबर उलट टोकाची आहे: दाबलेल्या प्रतिकारशक्तीवर लस चालेल का? दोन्ही शंका एकाच वेळी मनात येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. शरीराचा एक भाग नको तिथे चवताळलेला असतो आणि औषधं सगळ्यालाच थोडंथोडं शांत करतात. त्यामुळे मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत लसीचा परिणाम कमी होतो, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि हा कमीपणा भरून काढायचा एक मार्ग सापडलेला आहे. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मी मुख्यतः त्यासाठीच बसले.

दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या तीनशेहून अधिक रुग्णांना फ्लूची लस दिली. निम्म्यांनी गोळी नेहमीप्रमाणे चालू ठेवली, बाकीच्यांनी लसीनंतर दोन आठवडे थांबवली. गोळी चालू ठेवलेल्यांपैकी सुमारे ५५ टक्के लोकांत लसीला समाधानकारक प्रतिसाद दिसला, थांबवलेल्यांत सुमारे ७५ टक्के. दोन आठवड्यांच्या खंडाने एवढा फरक पडला. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत हेच घेतलं: आजार आटोक्यात असेल तर फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवावं.

'आजार आटोक्यात असेल तर' हे शब्द मात्र सोडू नका. थांबवल्याने काहींचा आजार थोडा डोकं वर काढतो. गेल्या वर्षी तुमची बोटं आखडली होती, त्यामुळे तुमचे डॉक्टर कदाचित म्हणतील की थांबवू नका, लस तशीच घ्या. तेही ठीक. प्रतिसाद थोडा कमी मिळेल, पण मिळेल. लस अजिबात न घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. दुसरीकडे, ही सूचना वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. आणि स्टेरॉइडला तर हातच लावू नका. बरेच दिवस रोज घेतलेलं स्टेरॉइड अचानक बंद केलं की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड लगेच तयार होत नाही आणि माणूस गंभीर आजारी पडू शकतो. लसीसाठी ते थांबवण्याची काही गरजही नाही.

सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, तुमचा गोळीचा वार रविवार आहे. रविवारी नेहमीप्रमाणे गोळी घेतली, सोमवारी लस घेतली, पुढचे दोन रविवार गोळी नाही आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा सुरू. हे कॅलेंडरवर पेनाने मांडून डॉक्टरांसमोर ठेवा आणि त्यांना त्यात दुरुस्ती करू द्या. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला फॉलिक ॲसिड दिलेलं असेल तर ते त्या दोन रविवारी घ्यायचं का, तेही त्याच वेळी विचारून टाका.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. त्यांचा राग मानू नका. पेला न उचलता येणारा तुमचा हात त्यांनी पाहिला आहे. पण त्यांच्या वाक्यात एक गृहीत धरलेलं आहे, की लस नाही घेतली तर आजार शांत राहील. मला वाटतं, घरोघरी हा निर्णय इथेच अडतो. आपण होऊन सुई टोचून घेतली आणि हात दुखला, तर दोष आपल्या माथी येतो. साथीत फ्लू झाला, तर 'सगळ्यांनाच होतोय' म्हणून आपण त्याला मनातल्या मनात माफ करतो. त्यामुळे लसीचे चार दिवस लक्षात राहतात आणि फ्लूचे तीन आठवडे हिशेबात धरलेच जात नाहीत. मग लस आणि शांतता यांची तुलना होते. खरी तुलना लस आणि फ्लू यांची आहे.

फ्लू तुमच्या संधिवाताचं काय करतो ते बघा. पहिली गोष्ट, संधिवात आणि त्याची औषधं या दोहोंमुळे तुम्हाला संसर्ग होण्याचा आणि तो छातीत उतरण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. फ्लूनंतर फुफ्फुसात जिवाणूंचा न्यूमोनिया होणं ही त्याची सगळ्यात ओळखीची गुंतागुंत. दुसरी गोष्ट, अंगात बऱ्यापैकी ताप आणि संसर्ग असताना डॉक्टर सहसा मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगतात. म्हणजे गोळीत खंड पडतोच, फक्त तो तुम्ही निवडलेल्या वेळी, तब्येत बरी असताना न पडता तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या असताना पडतो, आणि त्याच वेळी शरीरात खऱ्या विषाणूने माजवलेली सूज असते. आजार भडकायला याहून अनुकूल वेळ नाही. ज्या उसळीच्या भीतीने तुम्ही लस टाळू पाहताय, तिच्याकडे जाणारी जास्त रुंद वाट फ्लूची आहे.

तिसरी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा साधारण दीडपट मानतात. आणि फ्लू हृदयालाही सोडत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या नोंदी तपासून २०१८ साली संशोधकांनी दाखवलं की, चाचणीत फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचं प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या काळापेक्षा सहा पट होतं. पुढे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आयएएमआय या चाचणीत, मुख्यतः नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या अडीच हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना फ्लूची लस आणि निम्म्यांना नुसतं सलाइनचं इंजेक्शन दिलं. वर्षभरात लस घेतलेल्यांपैकी २.९ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी ४.९ टक्के. हे रुग्ण तुमच्यासारखे नव्हते, म्हणून हा आकडा जसाच्या तसा तुम्हाला लावता येणार नाही. पण फ्लू म्हणजे नाक-घशापुरतं दुखणं, ही समजूत मनातून काढायला तो पुरेसा आहे.

जाऊबाईंचं खरं असेल. ज्यांची तब्येत धडधाकट असते त्यांच्यापैकी बहुतेकांना बहुतेक वर्षी फ्लू होत नाही, आणि झाला तरी आठवड्यात सावरतात. त्यांच्या अनुभवातून त्यांच्या शरीराबद्दल थोडंफार कळतं, मेथोट्रेक्सेटवर असलेल्या माणसाबद्दल काहीच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १०० कोटी लोकांना हंगामी फ्लू होतो, त्यांतल्या ३० ते ५० लाखांना तो गंभीर होतो आणि २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसं त्यातून उद्भवलेल्या श्वसनाच्या आजाराने जातात. पहिल्या आकड्यातले बहुतेक जण जाऊबाईंसारखे बरे होतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका आणि तुमच्यासारखे जुना आजार असलेले जास्त असतात.

लसीबद्दल जास्तीचा दावाही मला करायचा नाही. ज्या वर्षी लसीतले विषाणू आणि साथीतले विषाणू नीट जुळतात, त्या वर्षी ती डॉक्टरकडे जावं लागेल इतक्या फ्लूचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. जुळणी चुकली की कमी. म्हणजे लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. तसा तो झाला तरी दवाखान्यात भरती होण्याची आणि अतिदक्षता विभागात जाण्याची वेळ कमी वेळा येते, आणि तुमच्या बाबतीत खरी किंमत त्याचीच आहे.

दरवर्षी का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. विषाणू आपलं कवच सतत थोडंथोडं बदलतो आणि लसीने आलेलं संरक्षणही काही महिन्यांत उतरू लागतं. जागतिक आरोग्य संघटना १९५२ पासून जगभरच्या प्रयोगशाळांकडून विषाणूंचे नमुने गोळा करते. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, पुढच्या लसीत कोणते प्रकार घ्यायचे ते ती सुचवते. खोक्यावर पूर्वी चार प्रकार लिहिलेले असायचे आणि आता तीनच दिसले तर लस हलकी आहे असं समजू नका. बी-यामागाता नावाची विषाणूची एक शाखा मार्च २०२० नंतर आढळलेलीच नाही, म्हणून ती वगळली आहे.

लस कोणती, हे तुमच्या बाबतीत महत्त्वाचं आहे. नाकात फवारायच्या लसीत कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो. ती तुमच्यासाठी नाही. इंजेक्शनमध्येही प्रकार आहेत. नेहमीच्या लसीत प्रत्येक विषाणूचं १५ मायक्रोग्रॅम प्रथिन असतं, जास्त मात्रेच्या लसीत ६०. आणखी एका प्रकारात प्रतिसाद वाढवणारा पूरक पदार्थ घातलेला असतो. हे दोन्ही मुळात पासष्टीच्या पुढच्यांसाठी आले, पण ऱ्हुमॅटॉलॉजी कॉलेजच्या त्याच २०२२च्या सूचना म्हणतात की, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या पासष्टीच्या आतल्या प्रौढांनाही शक्य तर यांपैकी एखादी द्यावी. त्यांनी दंड जास्त दुखतो आणि कणकणही जास्त येऊ शकते, तेव्हा गेल्या वर्षीचा अनुभव सांगूनच डॉक्टरांशी हे बोला. मिळाली नाही तर तिच्यासाठी ताटकळत बसू नका, साधी घ्या. संरक्षण यायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि साथ तुमच्यासाठी थांबत नाही.

सासूबाईंचं तर मला जास्त वाटतं. पंचाहत्तरीला टेकलेल्या, त्यात सीओपीडी. त्यांच्या फुफ्फुसात जी थोडी राखीव जागा उरली आहे ती एका फ्लूने खाऊन टाकली तर पुन्हा भरून येणं कठीण. त्यांना लस द्याच. वय आणि सीओपीडी दोन्ही बघता जास्त मात्रेची मिळाली तर उत्तम, आणि न्यूमोनियाच्या लसीचंही त्यांच्या डॉक्टरांना विचारा. ती तुम्हालाही लागू पडू शकते. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून दुसऱ्याला तो देऊ लागतो, म्हणजे 'मला सर्दी झाली की मी लांब राहीन' ही खबरदारी उशिरा पडते. म्हणून घरातल्या निरोगी माणसांनीही घ्यायला हवी. तुमच्या यजमानांना तुमची काळजी आहे ना? मग सगळ्यात आधी त्यांनी दंड पुढे करावा. तुमच्या औषधांनी आणि त्यांच्या आईच्या वयाने प्रतिसाद जेवढा कमी होईल, तेवढा त्यांच्या धडधाकट शरीराच्या लसीचा आधार तुम्हा दोघींना जास्त.

कुणी घेऊ नये, हेही सांगायला हवं. पूर्वी फ्लूच्या लसीनंतर काही मिनिटांत वा तासांत अंगभर गांधी उठून श्वास कोंडला असेल, रक्तदाब कोसळला असेल, तर पुन्हा घ्यायची नाही. तुमची बोटं आखडणं या प्रकारात मोडत नाही. लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे पायांपासून चढत जाणारा अशक्तपणा, झालेला असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूसाठी दिलेल्या एका लसीनंतर या आजाराचे लाखामागे सुमारे एक जादा रुग्ण दिसले होते, तिथून ही भीती आली. हंगामी लसींत हा धोका असलाच तर दहा लाखांत एक-दोन एवढाच आहे, आणि खुद्द फ्लूनंतरही तो आजार होतो. त्या दिवशी चांगला ताप असेल तर तो उतरेपर्यंत थांबा. अंड्याची ॲलर्जी हा पूर्वीसारखा मोठा अडसर आता मानत नाहीत, पण टोचणाऱ्याला सांगून ठेवा.

याच विषयावर इतर आजारांच्या वाचकांचीही विचारणा असते, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात. मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार असेल तर निर्णय तुमच्यापेक्षा सोपा आहे, कारण त्यांना औषधांच्या वेळापत्रकाचा हा गुंता सहसा नसतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं, बारीक सुई मागावी आणि टोचल्यावर न चोळता निदान दोन मिनिटं घट्ट दाबून धरावं. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर दुसरा दंड द्यावा. रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन घेणाऱ्यांनी फ्लूची लस लांबवू नये, पुढचा डोस त्यानंतर निदान दोन आठवड्यांनी घेता येईल का ते विचारावं.

आता तुमचा लसीचा दिवस. पुढचे दोन-तीन दिवस घरची जड कामं दुसऱ्याकडे जातील असाच दिवस निवडा. गेल्या वर्षीचा अनुभव आहे, तर तयारीत राहणं हा तुमचा हक्कच आहे. सकाळी ज्या हाताची बोटं कमी आखडतात, त्याच्या विरुद्ध हाताच्या दंडात टोचून घ्या, म्हणजे चांगला हात मोकळा राहील. बाही सहज वर सरकेल असे कपडे घाला, कारण खांदा आखडलेला असताना तिथे गडबडीत बटणं काढणं नको होतं. टोचताना हात मांडीवर सैल सोडा. नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसा. त्या रात्रीपासून आठवडाभर एका कागदावर रोज दोन गोष्टी लिहा: सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागला, आणि कोणते सांधे सुजले. यंदा काही झालं तर पुढच्या वर्षी आठवणीवर विसंबावं लागणार नाही. कणकण आली किंवा सांधे दुखले तर कोणती गोळी किती घ्यायची, हेही आधीच विचारून ठेवा. मेथोट्रेक्सेटसोबत प्रत्येक वेदनाशामक चालतेच असं नाही.

त्या दहा मिनिटांचं काय करायचं? गुडघ्यांआधी हा विषय काढा. फाईल उघडायच्या आत म्हणा, 'डॉक्टर, मला फ्लूची लस घ्यायची आहे. गेल्या वर्षी नंतर चार दिवस हात आखडले होते. मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवू का, आणि उसळलंच तर काय करू?' दोन मिनिटांचं काम आहे. 'घेऊ का?' एवढंच विचारलंत तर 'हो' एवढंच उत्तर मिळेल आणि तुम्ही घरी येऊन पुन्हा तिथेच अडकाल.

आणि लस घेऊनही थंडी-ताप आला तर वाट बघत बसू नका. लसीची कणकण पहिल्या दिवसात येते, एक-दोन दिवसांत जाते, तिच्यासोबत खोकला नसतो. खोकला, घसा, धाप किंवा दोन दिवसांपुढे टिकलेला ताप म्हणजे वेगळं काही आहे. स्टेरॉइडवर असताना ताप फारसा चढतही नाही, म्हणून थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा अंगातल्या अशक्तपणाकडे आणि श्वासाकडे लक्ष द्या. फ्लूवर ओसेल्टामिव्हिर हे औषध आहे. ते लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, त्यामुळे फोन त्याच दिवशी करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की मी मेथोट्रेक्सेट आणि स्टेरॉइडवर आहे. सासूबाईंच्या बाबतीतही असंच, त्यांचा श्वास वाढला तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. बोटं दुखत असतील तर यजमानांना दोन ओळी लिहायला सांगा.